इथे कुणी वहिनी नाही

आमच्या पोलीस लाईनीत कुणाचीच वहिनी नसलेली बाई मी एकटीच.

लाईन म्हणजे पोलिसांच्या सरकारी खोल्यांची वसाहत. खोली मिळते ती पोलिसाच्या नावावर, त्याचे सगळे सोबती त्याचे भाऊ, आणि म्हणून त्याची बायको सगळ्या लाईनीची वहिनी. माझ्या बाबतीत सगळं उलटं झालं. पोलीस मी, खोली माझ्या नावावर, आणि नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. लाईनीनं थोडे दिवस डोकं खाजवलं आणि मग त्यालाच दाजी करून टाकलं. सुरुवातीला कुणी "दाजी, मॅडम हायत का घरी?" असं विचारलं की तो कानापर्यंत लाल व्हायचा. आता मात्र दाजीपण चांगलंच अंगी मुरलंय. गणपतीत आरतीचं ताट दाजींच्या हातात आल्याशिवाय आरती सुरू होत नाही.

मला माझ्या खाकीचा अभिमान आहे. अभिमान कसला, माजच आहे. भरतीच्या आधी मी पहाटे भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत धावायची तेव्हा मासळीला निघालेल्या बायका हसायच्या, "कुनाच्या मागं लागलीस गो?" म्हणून ओरडायच्या. पुढे त्याच बायका बाजारात मला पाहून टोपली डोक्यावरून उतरवून बोलायला थांबायला लागल्या. आज माझ्या बाहीवर हवालदाराच्या तीन फिती आहेत आणि त्या मी स्वतः इस्त्री करते, दाजींना हात लावू देत नाही. पण फिती कुणालाही मिळतात. माझा माज आहे तो एका दिवसाचा, ठाण्यातल्या एका सकाळचा. रत्नागिरीत ठाणी काही एकच नाही, त्यामुळे कुठलं ते विचारू नका.

माझ्या डोक्यावरच्या खोलीत एक जोडपं राहायचं. तो शिपाई, उंचापुरा, कबड्डीत नाव काढलेला, हसतमुख. कुणाची गाडी बंद पडली तर ढकलायला पहिला तोच. ती आतल्या एका गावची, शेतकऱ्याची मुलगी, गोरीपान नाही पण डोळ्यांत फार जीव असलेली. घावणे असे करायची की जाळी पडलेली बघून मला माझ्या स्वयंपाकाची लाज वाटायची. गेटवरच्या पहाऱ्याला ती घावणे पाठवायची आणि पहारा खूश व्हायचा. "वहिनींच्या हाताला चव आहे" हे लाईनीतलं पेटंट वाक्य होतं.

त्याची ड्युटी एका पुढाऱ्याच्या अंगरक्षकाची. बाकीच्यांची हत्यारं काम संपलं की मुख्यालयाच्या शस्त्रागारात जमा होतात. अंगरक्षकाचं पिस्तूल मात्र त्याच्या कमरेला घरी येतं, टीव्हीशेजारी टीपॉयवर बसतं.

छताला कान नसतात असं म्हणणारा कधी लाईनीत राहिलेला नसणार. वर टीव्हीचा आवाज एकदम वाढला की मी समजून जायची. दुसऱ्या दिवशी तिच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत. एकदा वर जाऊन दार वाजवलं तर तिनं अर्धंच उघडलं. "काही नाही ताई, जिन्यावरून पडले." आमच्या लाईनीतले जिने विनाकारण बदनाम झालेत. मी त्याला जिन्यात गाठून सरळ विचारलं. तो हसला, म्हणाला, "मॅडम, घरचं आहे हो. तुमच्या दाजींसारखा सगळ्यांचा स्वभाव गरीब नसतो." पुढची पायरी तिची होती. ती येऊन बोलली तरच माझ्या हाताला काही काम मिळणार होतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लाईनीतल्या सगळ्या वहिन्या उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतात. यमक जुळो न जुळो, हसून हसून पोट दुखतं. तिची पाळी आली की ती "चहाचं बघते" म्हणून आत सटकायची. आम्हाला वाटायचं, लाजते. आतल्या गावांतून आलेल्या बायका अजूनही नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत, "हे" म्हणतात, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

मग एक दिवस ती खरंच ठाण्यात गेली. माझी त्या दिवशी सुट्टी होती. मला कळलं दुसऱ्या सकाळी, आणि तेही मामांकडून. मामा म्हणजे आमच्या ठाण्यातले सगळ्यात जुने हवालदार, निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना मामाच म्हणतात. माणूस सोन्यासारखा. हरवलेल्या पोरांना मांडीवर घेऊन बिस्किट भरवताना मी त्यांना पाहिलंय.

"काल एक चांगलं काम केलं बाय," ते म्हणाले. "तुज्या वरच्या खोलीतली वहिनी रडत आली होती. तिला बसवली, पानी दिलं, नि लगेच त्याला फोन लावला. म्हटलं, वहिनी हितं आल्यात, येऊन घेऊन जा. धावत आला बिचारा. दोघांना चहा पाजला नि गाडीवर बसवून दिली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, ती तक्रार द्यायला आली होती!"

"तक्रार कसली? वहिनी ती आपली."

मामांच्या चेहऱ्यावर खरंखुरं नवल होतं. मी का चिडले हे त्यांना कळतच नव्हतं, आणि त्यामुळे मला आणखी चिडायला झालं. एखाद्या भाजीवाल्याची बायको तशीच रडत आली असती तर याच मामांनी तिची तक्रार घेतली असती, नवऱ्याला बोलावून असा दम भरला असता की त्याची वाचा बसली असती. तसं केलेलं मी पाहिलंय. पण ही भाजीवाल्याची नव्हती. ही वहिनी होती. तिला खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, चहा मिळाला, मान मिळाला. फक्त जे मागायला आली होती तेवढं मिळालं नाही. आणि ज्याच्यापासून पळून आली होती त्याच्याच गाडीवर, सगळ्या ठाण्याचा नमस्कार घेऊन, ती परत गेली. अशी चूक दुसऱ्या कुठल्या खात्यात होणार नाही. त्यानंतर बरेच दिवस ती गच्चीवर दिसली नाही.

मे महिना लागला. त्याच सुमाराला दुसऱ्या जिल्ह्यातली बातमी आली. एका पोलिसानं घरातच बायकोला गोळी घातली आणि मग स्वतःला. आमच्या मोबाईलच्या ग्रुपवर त्याचा वर्दीतला फोटो फिरायला लागला. खाली हात जोडलेले, फुलं वाहिलेली. ड्युटीचा ताण, सुट्ट्या मिळत नाहीत, वरिष्ठ समजून घेत नाहीत, असं सगळे लिहीत होते. ताण खरा आहे, मी नाही म्हणत नाही. गणपतीच्या बंदोबस्तात माझे पाय असे सुजतात की बूट काढायला दाजींना बोलवावं लागतं. पण बूट निघाल्यावर मी ते दाजींच्या डोक्यात घातलेले नाहीत. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, "आणि ती?"  थोड्या वेळानं कुणीतरी कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर मी गच्चीवर कपडे काढायला गेले तर ती आमसुलं करत बसली होती. वाळत घातलेल्या कोकमाच्या साली पुन्हा रसात बुडवून काढत होती. हात कोपरापर्यंत तांबडे. बाह्या दंडापर्यंत वर सरकल्या होत्या आणि तांबड्याच्या वर दंडावर निळं होतं.

"ताई," ती मान वर न करता म्हणाली, "त्या बाईचं नाव काय होतं हो?"

"कुठल्या?"

"ती पेपरात आली ती. गोळी घातली ती."

मला माहीत नव्हतं. पेपरात "पत्नी" होतं. ग्रुपवर एकानं "वहिनीसाहेब" लिहिलं होतं. त्याचं नाव, हुद्दा, गाव, वडील कोण, शाळा कुठली, सगळं मला पाठ झालं होतं. तिचं नाव कुठेच नव्हतं, आणि खरं सांगते, ते नाही हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"मी ह्यांना विचारलं," ती म्हणाली. "हे म्हणाले, तुला काय करायचंय तिच्या नावाशी. नि मग पिस्तूल काढून टीपॉयवर ठेवलं. म्हणाले, उद्या तुझंपण कुणाला ठाऊक नसेल." तिनं एक साल पिळली. "मारताना हे ओरडतात, ताई. एवढं मात्र हळू म्हणाले."

 इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट मी शिकले आहे. आरडाओरडा करणाऱ्या नवऱ्यापेक्षा अचानक शांत झालेला नवरा जास्त धोक्याचा. ही मरणार, असं मला त्या क्षणी स्वच्छ वाटलं. आज नाही तर पुढच्या महिन्यात, माझ्या डोक्यावरच्या खोलीत, टीव्हीचा आवाज मोठा करून.

"तक्रार द्यायची आहे तुला?" मी विचारलं.

"दिली होती की. चहा मिळाला." आणि ती चक्क हसली. त्या हसण्यासाठी मला ती आजन्म आवडेल.

"उद्या सकाळी ठाणे अंमलदार मी आहे," मी म्हटलं. "तक्रार मी घेणार. बाजाराला निघाल्यासारखी नीघ, पिशवी हातात घे. आणि एक लक्षात ठेव. तिथं मी तुला ओळखणार नाही."

तिनं हातातली साल रसात टाकली. मग मान हलवली. हुशार बाई, एका वाक्यात समजली.

सकाळी मी आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब देशावरचे, नवीन आलेले, लाईनीत कुणाला ओळखत नव्हते. ते माझ्या चांगलंच पथ्यावर पडलं, साहेब अजून कुणाचेच भाऊ झाले नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पिस्तूल कुठाय त्याचं?" मला तो माणूस तिथेच पटला. मुख्यालयात बोलून त्यांनी ठरवलं, पिस्तूल तपासणीसाठी मागवायचं. असं अधूनमधून मागवतातच, संशयाला जागा नव्हती. पण निरोप द्यायचा तो ती घरातून सुखरूप बाहेर पडल्यावर. आधी दिला आणि त्याला वास लागला, तर ती आणि पिस्तूल एकाच खोलीत असणार होती.

ती आली. हातात पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. कुठून घेतली देव जाणे, पण कामगिरी चोख. दारावरचा शिपाई तिला पाहून उठलाच. "अरे, या वहिनी, या! बसा." आतून दुसरा ओरडला, "वहिनींना पाणी आण रे."

मी उठून उभी राहिले. माझा आवाज परेडला चालतो, इतका मोठा आहे. "इथे कुणी वहिनी नाही," मी म्हटलं. "या फिर्यादी आहेत. बसा बाई."

पाणी आणायला निघालेला शिपाई जागीच थांबला. आणि तेवढ्यात मला दिसलं, कोपऱ्यातल्या टेबलावर मामांनी मोबाईल कानाला लावलेला. तिला दारात पाहिल्याबरोबर त्यांच्या हातानं सवयीनं नंबर दाबला होता. पलीकडे रिंग जात होती ती मला माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होती. तिलाही येत असणार, कारण ती जागच्या जागी कोथिंबिरीसारखी मलूल झाली.

फोन हिसकावून घेण्यात अर्थ नव्हता. अर्धवट तुटलेल्या फोननं तो उलट सावध झाला असता. मी टेबल ओलांडून मामांच्या समोर गेले आणि हळू म्हटलं, "मामा, फोन लावलाच आहात तर साहेबांचा निरोप सांगा. पिस्तूल तपासणीला मुख्यालयात आत्ताच्या आत्ता जमा करायचं. तेवढंच सांगा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिची बाही मनगटापर्यंत होती, पण मे महिन्याच्या उकाड्यात असं पोलकं कोण घालतं हे कळायला पोलीसही असावं लागत नाही. पलीकडून त्यानं फोन उचलला. "बोला मामा."

या माणसाच्या एका शब्दावर तिचा जीव टांगला होता. "वहिनी" एवढं तोंडातून निसटलं असतं तरी पुरे होतं.

"काय नाय रे," मामा म्हणाले. "साहेबांचा निरोप हाय. पिस्तूल तपासनीला मागवलंय. आत्ता जा नि जमा कर. हो, आत्ता. माज्या डोक्याला ताप नको." फोन ठेवला.  मग ते उठले, माठातलं पाणी स्वतः घेऊन तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "घे बाय. आज चहा नाय. आधी काम."

मुख्यालयातून पिस्तूल जमा झाल्याचा फोन येईपर्यंत मी तिला एक अक्षर बोलू दिलं नाही. फोन आला तेव्हा साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले आणि मी संगणकासमोर बसले.

"पूर्ण नाव?"

तिनं सांगितलं. स्वतःचं, स्पष्ट. इतकी वर्षं आम्ही तिच्या हातचे घावणे खाल्ले आणि अर्ध्या ठाण्यानं ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"ह्यांच्याविरुद्ध."

"हे कोण?"

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. वायरलेसजवळचा शिपाई चुळबुळला. "मॅडम, आपल्याला तर माहितीच आहे, लिहून टाका की."

"मला काही माहिती नाही," मी म्हटलं. "फिर्यादीनं सांगायचं."

मी कठोर वाटले असेन. पण तिच्याऐवजी मी ते नाव लिहिलं असतं, तर उद्या कुणीही म्हणालं असतं की शेजारणीनं भरवलं. आणि दुसरंही एक होतं. ते नाव तिच्या तोंडून यायला हवं होतं, हे मला आतून वाटत होतं.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "लग्न झाल्यावर नवीनच होते तेव्हा ह्यांचे भरतीतले सोबती घरी जेवायला आले होते. मी मजेत ह्यांना नावानं हाक मारली. सगळे हसले. ते गेल्यावर ह्यांनी मला पहिल्यांदा मारलं. म्हणाले, परत माझं नाव तोंडातून काढलंस तर बघ. तेव्हापासून नाही काढलं." उखाण्याच्या वेळी चहाचं बघायला का पळायची ते मला तिथं कळलं. लाज कसली न् काय कसली.

"आता काढा," मी म्हटलं. "कुणी काही करणार नाही. आम्ही इथं आहोत."

तिनं पदर सोडला आणि सांगितलं. नाव, त्याच्या वडिलांचं नाव, आडनाव. मागे राव नाही, पुढे यमक नाही. मग हुद्दा. आणि मग मी विचारलं नसताना बक्कल नंबरसुद्धा, हजेरीला द्यावा तसा खणखणीत. वर्दीला इस्त्री करताना रोज हातात यायचा ना तो बिल्ला. साहेब दारातून म्हणाले, "शाब्बास." मी मान खाली घालून टाईप करत राहिले, कारण हवालदारानं ठाण्यात रडायचं नसतं.

संध्याकाळी त्याला ताब्यात घेतलं. निलंबन झालं, खटला चालू आहे. तो जामिनावर बाहेर आहे, पण या शहरात पाऊल ठेवायची त्याला परवानगी नाही. हे सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. लाईनीतले काही लोक माझ्याशी बोलेनासे झाले. एकानं तोंडावर सांगितलं, "भावाचं घर मोडलंत मॅडम." मी म्हटलं, भाऊ तुमचा, माझा नाही. खोली सोडावी लागली ती तिला. आता शहरातच एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात काम करते, भाड्याच्या खोलीत राहते. रात्री खटकन आवाज झाला तर अजून दचकते. पण ती जिवंत आहे. आम्ही पोलिसांनी एक बाई एका पोलिसापासून वाचवली, आणि या वाक्यातला प्रत्येक शब्द मी अभिमानानं म्हणते.

त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या ठाण्यात मी नंतर फोन लावला होता. तिकडचा अंमलदार भला वाटला. "वहिनींचं नाव का? थांबा हं, बघून सांगतो," म्हणाला. बघून सांगितलं. मी ते हिला कळवलं. ती फोनवर "बरं" म्हणाली, एवढंच.

यंदाच्या संक्रांतीला मी तिला मुद्दाम हळदीकुंकवाला बोलावलं. काहींनी तोंडं वाकडी केली, पण मामांच्या बायकोनं तिला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. उखाणे सुरू झाले. हसणं, खिदळणं. आणि पाळी फिरत फिरत आली तशी मामांची बायको सवयीनं म्हणून गेली, "हां, आता तू नाव घे गो!"

म्हणाली आणि जीभ चावली.  मी चहाचं बघायला उठणार होते, तिच्याऐवजी.

"घेते की," ती म्हणाली.

आणि तिनं नाव घेतलं. त्या गोळी लागलेल्या बाईचं. पूर्ण, आडनावासकट. त्याच्यामागोमाग स्वतःचं घेतलं. उखाणा नव्हता, नुसती दोन नावं.

मामांच्या बायकोनं तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवला आणि तिला तिच्या नावानं हाक मारली.